मुहूर्त फेब्रुवारीचा, सही ऑगस्टमध्ये?

पत्र थोडक्यात: माझं वय २९, एका आयटी कंपनीत नोकरी करते. मे महिन्यात साखरपुडा झाला. स्थळ ओळखीतून आलं. मुलगा चार वर्षांपासून मेलबर्नला आहे आणि ‘त्याचा पीआर झालाय’, म्हणजे तिथे कायमचं राहण्याची परवानगी मिळालीय, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं. लग्नाचा मुहूर्त पुढच्या फेब्रुवारीतला आहे. तो ऑगस्टमध्ये दहा दिवसांसाठी येतोय. त्यांच्या ओळखीच्या एका एजंटाने सुचवलंय की तेवढ्यातच लग्न रजिस्टर करून टाकायचं. हार घालून चार फोटो काढायचे, ओळखीचे गुरुजी सही देतील, आठवड्याभरात सर्टिफिकेट हातात येईल आणि पार्टनर व्हिसाची फाइल ‘मजबूत’ होईल. खरं लग्न फेब्रुवारीत होईलच. सासरच्यांना हे पटलंय. बाबा गप्प आहेत. मला तो मनापासून आवडतो, लग्न मोडावं असं काहीही घडलेलं नाही, पण त्या सहीच्या विचाराने पोटात गोळा येतो. नुसत्या साखरपुड्यावर पार्टनर व्हिसाचा अर्ज करता येत नाही का? केला तर संशय घेतात का? मी ‘नको’ म्हटलं तर माझा त्याच्यावर विश्वास नाही असाच अर्थ निघेल ना? आणि नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या चार प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर सरळ आहे आणि ते मिळालं की बाकीच्यांचा निम्मा जोर ओसरतो, म्हणून तिथूनच सुरुवात करते. हो, लग्नाआधी अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियाचा पार्टनर व्हिसा बाहेरच्या देशातून मागायचा तर सबक्लास ३०९ आणि १०० असा जोडीनेच मागतात. अर्ज एक, फी एकदाच. आधी ३०९ हा तात्पुरता व्हिसा मिळतो आणि पुढे १०० हा कायमचा. लग्न झालेल्यांना आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना हा व्हिसा मागता येतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. नियमांत तिसरीही सोय आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही: ज्यांचं लग्न ठरलंय पण अजून व्हायचंय, त्यांनाही अर्ज दाखल करता येतो. फक्त निर्णय होण्याआधी लग्न कायदेशीररीत्या झालेलं असलं पाहिजे. या व्हिसाला वर्षभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे तुमचं फेब्रुवारीतलं लग्न निर्णयाच्या आधी सहज उरकलेलं असेल. ज्या अडचणीवर एजंटाने तोडगा काढलाय, ती अडचण तुमच्यापुढे नाहीच.

त्याला हे माहीत नसेल का? नसेलही. किंवा सर्टिफिकेट जोडलेली फाइल त्याला रोजच्या सवयीची असेल. एक गोष्ट मात्र विचारून घे: ‘तुमचा मार्न नंबर काय?’ ऑस्ट्रेलियात राहून व्हिसाचा सल्ला देणाऱ्याला एकतर वकील असावं लागतं, नाहीतर तिथल्या नोंदणी कार्यालयाकडे, ज्याला सगळे ओमारा म्हणतात, नाव नोंदवून हा नंबर घ्यावा लागतो. भारतात बसून सल्ला देणाऱ्यावर तशी सक्ती नाही. नंबर असेल तर ओमाराच्या वेबसाइटवर तो कोणालाही तपासता येतो. नसेल तर तो माणूस वाईटच आहे असं नाही, पण उद्या काही बिनसलं तर तक्रार करायला जागा नाही. आणि अर्जातल्या मजकुराची जबाबदारी तुझी असते, त्याची नव्हे.

आता त्या ‘हार घालून चार फोटो’ योजनेकडे नीट बघू, कारण तुझ्या पोटातला गोळा मला अगदी योग्य जागी आलेला दिसतो.

आपल्याकडे ‘कोर्ट मॅरेज’ आणि ‘रजिस्टर’ हे शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न लागतं ते विधींनी. वर किंवा वधू, कोणाच्याही रूढीप्रमाणे विधी झाले तरी चालतात, मग ती वैदिक पद्धत असो की बौद्ध पद्धतीचा मंगल परिणय. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते ती नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा. लग्न झालंच नसेल तर पुरावा कशाचा? हा माझा शब्दच्छल नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह यांच्यापुढे जवळजवळ तुझ्यासारखंच प्रकरण आलं होतं. साखरपुडा झालेला, समारंभ पुढच्या वर्षी ठरलेला, मधल्या काळात सर्टिफिकेट काढून ठेवलेलं, आणि समारंभाआधीच दोघांचं फाटलेलं. न्यायालयाने सांगितलं की विधी झालेले नसतील तर ते लग्नच नव्हे आणि नुसत्या नोंदणीने ते लग्न होत नाही. त्याच निकालात, परदेशच्या व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आधी नोंदणी उरकून घेणाऱ्या आईवडिलांचाही उल्लेख आहे, आणि ही पद्धत बंद व्हायला हवी असं स्पष्ट म्हटलंय.

तेव्हा ऑगस्टमध्ये तुम्ही सही केलीत तर दोनच शक्यता उरतात. एक, विधी न करता फक्त फोटो काढलेत. मग ते सर्टिफिकेट भारतातच लंगडं आहे, आणि तेच तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याला ‘आमचं लग्न अमुक तारखेला झालं’ म्हणून देणार. पुढे फेब्रुवारीतली पत्रिका, हॉलची पावती, मुंडावळ्या बांधलेले फोटो हेही फाइलमध्ये जाणारच. फाइल बघणारा अधिकारी विचारेल की मग ऑगस्टमध्ये काय झालं होतं? खोटी कागदपत्रं किंवा दिशाभूल करणारी माहिती दिल्याचं ठरलं तर अर्ज फेटाळला जातो आणि पुढची तीन वर्षं इतरही बऱ्याच व्हिसांचं दार बंद होऊ शकतं. नियमावलीत याचा क्रमांक ४०२० आहे.  फाइल मजबूत करायला काढलेला कागदच ती बुडवू शकतो.

दुसरी शक्यता म्हणजे विधी खरेच केलेत, अगदी घरच्या घरी, गुरुजींसमोर सात पावलं चाललात. मग तुमचं लग्न झालं. अर्धं नाही, ‘कागदोपत्री’ नाही, पूर्ण झालं. फेब्रुवारीत होईल तो सोहळा. यात बेकायदेशीर काही नाही आणि तुला मनापासून चालणार असेल तर माझीही हरकत नाही. पण मग घरात ‘खरं लग्न नंतर’ ही भाषा बंद करायची, फॉर्मवर लग्नाची तारीख ऑगस्टचीच लिहायची आणि सोहळा वेगळा का झाला ते दोन ओळींत मोकळेपणाने सांगायचं. आणि हेही ठाऊक असू दे की त्यानंतर काही मोडलं तर ते साखरपुडा मोडण्यासारखं अंगठी परत करून संपत नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला एक वर्ष होईपर्यंत, अगदी अपवादात्मक हाल सोडले तर, घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही. संमतीने वेगळं व्हायचं तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. बाबा गप्प आहेत ते बहुधा याच हिशोबाने. त्यांना एकदा एकटीने विचारून बघ.

तिसरा एक रस्ता विशेष विवाह कायदा, १९५४ चा आहे. तिथे विवाह अधिकाऱ्यासमोर केलेली सही हेच लग्न. पण ते दहा दिवसांत बसत नाही. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य हवं, नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागलेली राहते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न, तेही नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत. आंतरधर्मीय जोडप्यांना किंवा विधी नकोच असणाऱ्यांना हा रस्ता चांगला. तुला विधी हवे आहेत, मुहूर्त ठरलाय, तर उगाच इकडे वळू नकोस.

म्हणून माझं मत: ऑगस्टमध्ये सही करू नका. तो येईल तेव्हा दहा दिवस एकमेकांबरोबर घालवा.

आता ‘पीआर झालाय’ या दोन शब्दांबद्दल. पार्टनर व्हिसासाठी स्पॉन्सर ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी लागतो (काही न्यूझीलंडच्या नागरिकांनाही चालतं). आपल्याकडे मात्र वर्क व्हिसा मिळाला, रीजनल व्हिसा मिळाला, की घरचे कौतुकाने ‘पीआर झाला’ म्हणून मोकळे होतात. सबक्लास ४९१ हा त्यातला नेहमीचा गोंधळ. तो काही वर्षांचा तात्पुरता व्हिसा आहे, त्यातून पुढे पीआर मिळू शकतो, पण आज तो पीआर नाही. ४९१ किंवा नोकरीचा ४८२ असलेला मुलगा पार्टनर व्हिसा स्पॉन्सर करू शकत नाही. तो बायकोला आपल्याच व्हिसात कुटुंबीय म्हणून जोडून घेतो, आणि त्या वाटेला ‘लग्न ठरलंय’ एवढं पुरत नाही, लग्न झालेलं किंवा जोडपं म्हणून एकत्र राहत असलेलं लागतं. तसं असेल तर वर सांगितलेलं सगळं वेळापत्रक बदलतं: अर्ज फेब्रुवारीनंतरच. त्याचा व्हिसा कोणता आहे ते ‘व्हीवो’ या सरकारी पानावर त्याला दोन मिनिटांत बघता येतं. त्याला म्हण, पीडीएफ पाठव, फॉर्म भरायला लागणार आहे. लागणारच आहे.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचार. त्याने पूर्वी कोणाला पार्टनर म्हणून स्पॉन्सर केलंय का? आणि त्याला स्वतःला पार्टनर म्हणून व्हिसा मिळाला होता का? सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच स्पॉन्सर करता येतं, दोन्हींत पाच वर्षांचं अंतर लागतं, आणि स्वतः पार्टनर व्हिसावर आलेल्यालाही पाच वर्षं थांबावं लागतं. स्पॉन्सरला पोलिसांचा दाखलाही द्यावा लागतो आणि काही ठरावीक गुन्ह्यांत तो दोषी ठरलेला असेल तर खातं ते अर्जदाराला कळवू शकतं. हे प्रश्न तू संशयाने विचारत नाहीयेस, फॉर्मच विचारतो. ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो पाच मिनिटांत उत्तरं देईल. टाळाटाळ झाली, ‘तुला काय करायचंय, एजंट बघेल’ असं उत्तर आलं, तर मात्र मला ते सहीपेक्षा जास्त खटकेल.

सबक्लास ३०० बद्दलही कोणीतरी तुला सांगेल, म्हणून थोडक्यात. तो खास लग्न ठरलेल्यांचा व्हिसा. मिळाल्यापासून ९ ते १५ महिन्यांची मुदत असते, त्यात तिकडे जाऊन लग्न करायचं आणि मग तिथूनच पार्टनर व्हिसाचा अर्ज करायचा, त्याची वेगळी फी, कमी असली तरी. अर्ज करताना दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत, व्हिडिओ कॉल धरत नाहीत, आणि लग्नाच्या तारखेबद्दल विवाह लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीचं पत्र लागतं. ज्यांना ऑस्ट्रेलियातच लग्न करायचंय त्यांच्यासाठी तो ठीक. फेब्रुवारीत इथे मांडव घालणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

तुझा दुसरा प्रश्न: संशय घेतील का? घेतील, आणि तो सगळ्यांवर घेतात, दहा वर्षांच्या संसारावरसुद्धा. सर्टिफिकेटने लग्न सिद्ध होतं, नातं नाही. अधिकाऱ्याला नातं बघायचं असतं आणि ते तो चार अंगांनी बघतो: पैशांचे व्यवहार, घर कसं चालतं, लोकांमध्ये तुम्ही जोडपं म्हणून वावरता का, आणि एकमेकांशी बांधिलकी किती. ठरवून जमलेल्या लग्नात पहिल्या दोन अंगांत दाखवायला फार काही नसतं. दोघांचं मिळून भाडेकरारपत्र नाही, जॉइंट खातं नाही. नसू दे. उगाच एक खातं उघडून त्यात इकडून तिकडे पैसे फिरवू नका, ते लगेच कळतं. पण हॉलचा अ‍ॅडव्हान्स कोणी भरला, बस्त्याचं बिल कोणाच्या कार्डावरून गेलं, विमानाचं तिकीट कोणी काढलं, हे खरे व्यवहार आहेत. पावत्या टाकून देऊ नका. तिसऱ्या आणि चौथ्या अंगात तर आपली लग्नं मुळातच श्रीमंत असतात. साखरपुड्याला दीडशे माणसं होती ना? दोन्ही घरच्यांसोबतचे आठ-दहा फोटो निवड आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण, कोण कोण आहे ते लिही. पाचशे फोटोंचा अल्बम चढवू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. अख्खं चॅट कोणी वाचत नाही, आणि खरं सांगायचं तर कोणी वाचूही नये. दर महिन्याचे थोडे स्क्रीनशॉट आणि कॉलची यादी पुरते.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे तुम्ही दोघांनी वेगवेगळं लिहायचं निवेदन. कसे भेटलात, कधी ठरवलंत, लांब राहून नातं कसं चालतं, पुढे काय करायचंय. इथे बहुतेक जण मार खातात. एजंट एक नमुना देतो आणि ‘आम्ही एकमेकांना पूरक आहोत, आमच्या आवडीनिवडी जुळतात’ हे वाक्य दोघांच्याही निवेदनात जसंच्या तसं उमटतं. त्याऐवजी असं काही लिही: ‘जूनमध्ये माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री साडेनऊला डॉक्टर राउंडला यायचे. त्याच्याकडे पहाटेचे दोन वाजलेले असायचे. तो गजर लावून उठायचा आणि फोन स्पीकरवर ठेवून डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारायचा.’ हे माझ्या कल्पनेतलं उदाहरण, तुमच्याकडे तुमचं असेल. भांडण झालं असेल तर तेही चालेल. कोणत्या कारणावरून आणि कसं मिटलं ते लिही. फक्त तारखा दोघांनी एकदा पडताळून घ्या. पहिली भेट त्याच्या मते नोव्हेंबरात आणि तुझ्या मते दिवाळीआधी, असं झालं की माणूस खरा असूनही कागद खोटा दिसतो. शिवाय तुमचं नातं जवळून बघितलेल्या, ऑस्ट्रेलियात नागरिक किंवा पीआर असलेल्या मित्रमंडळींकडून फॉर्म ८८८, म्हणजे नात्याबद्दलचं साक्षीदाराचं निवेदन, भरून घ्या. त्याच्या घरी बसून तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारलेला रूममेट हा त्याच्या साहेबापेक्षा चांगला साक्षीदार.

हे सगळं जमायला वेळ लागतो आणि तुमच्याकडे तो आहे. म्हणूनच अर्ज ऑगस्टमध्ये घाईने टाकण्यापेक्षा हॉल पक्का झाला, पत्रिका छापून आली, की नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला टाका. लवकर अर्ज केल्याचा फायदा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. कायमच्या १०० या व्हिसाचा विचार अर्जाच्या तारखेपासून दोन वर्षांनी होतो, त्यामुळे तीन महिने आधी टाकलेला अर्ज ते तीन महिने वाचवतो. पण कच्ची फाइल टाकून ते वाचवण्यात अर्थ नाही. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, म्हणजे पाच लाख रुपयांच्या आसपास किंवा पुढे, ती सहसा दर वर्षी १ जुलैला वाढते आणि अर्ज फेटाळला तर परत मिळत नाही. ही रक्कम कोण भरणार हे लग्नाच्या खर्चाच्या बोलणीत आत्ताच काढा. मुलीकडच्यांनी भरायची असा काही नियम नाही, हे कोणीतरी सांगायला हवं म्हणून सांगते. मेडिकल आणि पोलिसांचा दाखलाही फार आधी काढू नका. दोन्ही साधारण वर्षभरच चालतात, आणि निर्णय लांबला तर पुन्हा काढावे लागतात.

आता विश्वासाचा प्रश्न. तुझ्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे: सही केली की विश्वास दिसतो आणि नाही केली की अविश्वास. पण तुला मुळात त्याच्यावर शंका नाहीये. तुला न झालेलं लग्न झालं म्हणून लिहून द्यायचं नाहीये. हे दोन वेगळे मुद्दे आहेत आणि त्याच्याशी बोलताना ते वेगळेच ठेव. सासूबाईंशी आधी बोलू नकोस, त्याच्याशी बोल, आणि तो यायच्या आत बोल, नाहीतर ते दहा दिवस याच ताणात जातील. असं काहीसं म्हण: ‘मी नियम बघितले. साखरपुड्यावर अर्ज करता येतो, लग्नानंतर सर्टिफिकेट जोडायचं. एजंट सांगतोय त्यात तुझ्याही नावावर खोटी माहिती दिल्याचा डाग लागू शकतो, आणि स्पॉन्सर तू आहेस. आपण नीट करू.’ घरच्यांना त्याने सांगावं. त्याच्या आईला हे होणाऱ्या सुनेकडून ऐकायला लागण्यापेक्षा मुलाकडून ऐकणं सोपं जाईल. तो काय उत्तर देतो याकडे मात्र लक्ष दे. ‘बरं झालं बघितलंस, मलाही जरा विचित्रच वाटत होतं’ असं म्हणाला तर सोन्याहून पिवळं. थोडा वैतागला, एजंटाला पैसे दिलेत म्हणाला, तरी चालेल, माणूस आहे. पण ‘सही नाही तर लग्न नाही’ इथवर गोष्ट गेली, तर व्हिसा बाजूला ठेव आणि लग्नाचाच पुन्हा विचार कर.

परदेशी लग्न करून जाणाऱ्या प्रत्येक मुलीने माहीत करून ठेवावी अशी एक गोष्ट. सगळ्यांनाच लागते असं नाही. तात्पुरता पार्टनर व्हिसा हातात असताना, तिकडे गेल्यावर नवऱ्याकडून हिंसाचार झाला आणि नातं तुटलं, तरी कायमच्या व्हिसाची वाट बंद होत नाही. कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद आहे. ‘माझ्यामुळे तू इथे आहेस’ या धमकीत वाटतं तेवढा दम नसतो. आणि इकडे राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे.

राजीनाम्याचं सोपं आहे: ३०९ हातात आल्याशिवाय देऊ नकोस. लग्न झालं म्हणून नाही, अर्ज टाकला म्हणून नाही, ‘होतंय लवकरच’ म्हणून तर नाहीच. लग्नानंतर कदाचित बरेच महिने तू इथे आणि तो तिथे असेल, आणि ते महिने पगाराशिवाय, माहेर की सासर या प्रश्नात काढणं फार कठीण जातं. मॅनेजरला सांग की पुढच्या वर्षी मी आहे. ते खरं आहे. बदली, बढती, जे मिळत असेल ते घे. ३०९ वर तिकडे काम करायला, शिकायला मुभा असते आणि मेडिकेअर, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, हीही मिळते, तेव्हा इथला अनुभव जितका ताजा तितका बरा. मधल्या काळात भेटावंसं वाटलं तर व्हिजिटर व्हिसावर जाऊन येता येतं. पार्टनर व्हिसाचा अर्ज चालू आहे हे त्या अर्जात लपवू नकोस, आणि त्या व्हिसाला ‘नो फर्दर स्टे’ची अट (क्रमांक ८५०३), म्हणजे तिथे असताना पुढचा व्हिसा सहसा मागता न येण्याची अट, आहे का ते तिकीट काढण्याआधी बघ.

फेब्रुवारीसाठी दोन कामं आत्ताच वहीत लिहून ठेव. लग्नाची नोंदणी महाराष्ट्रात ९० दिवसांच्या आत करायची असते आणि तिला तुम्ही दोघं, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही असं सगळं लागतं. त्याची सुट्टी संपून तो परत गेला की हे अडकतं. तेव्हा परतीचं तिकीट काढताना लग्नानंतरचे निदान आठ-दहा कामाचे दिवस हातात ठेवायला सांग, आणि वॉर्ड ऑफिसात आधी जाऊन त्यांचा फॉर्म आणि कागदांची यादी घेऊन ये. सर्टिफिकेट मिळालं की ते इमीअकाउंटवर, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाच्या खात्यावर, चढवायचं, लग्न झाल्याचं कळवायचं. दुसरं नावाचं. तुझ्या पासपोर्टवर मध्ये बाबांचं नाव असेल. ते लग्नानंतर बदलायलाच हवं अशी सक्ती कुठेच नाही. बदलायचं असेल तर व्हिसा मिळून तिकडे स्थिरस्थावर झाल्यावर बदल. अर्ज चालू असताना पासपोर्ट बदलला तर ते पुन्हा कळवा, पुन्हा जुळवा, हे सुरू होतं. पत्रिकेवर आणि नोंदणीच्या फॉर्मवर दोघांची नावं पासपोर्टबरहुकूम, अगदी स्पेलिंगसकट असू देत. तांदळात तो जे नवीन नाव लिहील ते घरात हाक मारायला ठेवा, वॉर्ड ऑफिसातल्या क्लार्कला सांगू नका.